मागच्या सीटवरचं वजन

त्या वर्षी उन्हाळा असा पेटला होता की उजनीचं धरण पार तळाला गेलं होतं. सोलापुरात नळाला पाणी सहा दिवसांआड येत होतं आणि माणसं एकमेकांना भेटली की धरणाची विचारपूस करत होती, घरातल्या दुखणाईत माणसाची करावी तशी. पूनम बंडगरला मात्र त्या धरणाशी काही देणंघेणं नव्हतं. पुणे रस्त्यावर लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींचं एक वर्कशॉप आहे, तिथं ती कामाला होती. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली पोरगी, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून शहरात आलेली, वय एकोणतीस. अडीचशे किलोचं धूड ती अंगणातलं वासरू फिरवावं तसं फिरवायची.

तर मे महिन्यातल्या एका सकाळी वर्कशॉपचे मुख्य मिस्त्री शिवपुत्र यांनी तिच्या हातात कामाचा कागद दिला. शिवपुत्र अक्कलकोटकडचे, बोलण्याची सुरुवात नेहमी कानडीत करायचे.

"नोडवा पूनम, ही निळी गाडी बघ. हिचा नकाशा बिघडलाय. पुणे टाक, इंदापूर टाक, बारामती टाक. टेंभुर्णी आली की उजवीकडं वळा म्हणतंय. दोनदा नवीन नकाशा भरला, काही फरक नाही. एक चक्कर मारून ये. नेमका कुठं घोळ होतो ते बघ, फोटो काढ, कंपनीला पाठवू."

गाडी भारी होती. रस्ता दाखवायची सोय गाडीतच बसवलेली, मोबाइलची गरज नाही. हँडलच्या मधोमध तळहाताएवढा पडदा, आणि कुठं वळायचं ते हेल्मेटमध्ये कानाशी सांगणारा बाईचा आवाज. हिंदी नाही तर इंग्रजी. मराठी त्यात नव्हतीच.

गाडीचे मालक धोंडीराम पाखरे बाहेरच्या सोफ्यावर बसले होते. चोपन्न वर्षांचा, नीटस कपड्यातला माणूस. नोकरीतून आधीच निवृत्ती घेतलेली, जुळे सोलापुरात स्वतःचा फ्लॅट, आणि लडाखपर्यंत जायचं म्हणून हौसेनं घेतलेली ही गाडी.

"ती दाखवते त्या रस्त्यानं तुम्ही गेला होता का कधी, साहेब?" पूनमनं विचारलं.

"नाही." उत्तर जरा जास्तच लवकर आलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हीही जाऊ नका, मॅडम. टेंभुर्णीवरनंच परत फिरा. फक्त बिघाड तेवढा काढा."

पूनमला त्यात काही वावगं वाटलं नाही. नव्या गाडीवर माणसाचा जीव असतो. कच्च्या रस्त्यानं नेऊ नका म्हणत असतील. तिनं पुण्याचा पत्ता भरला आणि साडेदहाच्या सुमाराला निघाली.

मोहोळ गेलं, मोडनिंब गेलं. ऊन डांबरावर पाण्यासारखं हलत होतं. कानातली बाई आपली शहाण्यासारखी बोलत होती, "इसी सड़क पर सीधे चलिए." टेंभुर्णीचा चौक आला आणि ती तितक्याच शहाणपणानं म्हणाली, "आगे दाएँ मुड़िए."

पूनमनं गाडी कडेला घेतली. पडदा तपासला. उपग्रह सगळे सापडत होते, गाडी जिथं उभी होती तिथंच दिसत होती. म्हणजे यंत्र ठणठणीत, फक्त त्याचं मन दुसरीकडं. परत फिरावं की पुढं जावं? शिवपुत्रनं नेमकी जागा बघायला सांगितलं होतं, आणि अर्धवट काम करणं हा तिचा स्वभाव नव्हता. ती उजवीकडं वळली.

कंदर ओलांडलं. एरवी हिरव्यागार असणाऱ्या केळीच्या बागा माना टाकून उभ्या होत्या. पुढं आवाजानं तिला डावीकडं एका पाणंदीला घातलं, मग बाभळींमधनं जाणाऱ्या वाटेला. वाट संपली तिथं एक उतार लागला. एरवी या उतारापर्यंत धरणाचं पाणी भिडलेलं असायचं. आता खाली नजर जाईल तिथवर भेगाळलेला काळा गाळ पसरला होता, आणि लांब, अगदी लांब, पाण्याची एक चकाकती रेघ. शेतकऱ्यांनी मोटारींचे पाइप त्या रेघेपर्यंत ओढत नेले होते.

तिला वाटलं, संपला रस्ता. इथंच फोटो काढावा.

कानातली बाई बराच वेळ गप्प होती. आणि मग कुणीतरी म्हणालं,

"हितनं खाली."

पूनमनं करकचून ब्रेक दाबला. मागं वळून पाहिलं. बाभळी, धूळ, दुसरं काही नाही. तिनं पडद्यावर भाषा तपासली. हिंदी होती. जवळपास दुसरा कुणी मोटारसायकलवाला असेल, त्याच्या हेल्मेटमधलं बोलणं आपल्या हेल्मेटला लागलं असेल. असं होतं कधी कधी. तिनं स्वतःला हे पटवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आवाज मोठ्या बाईचा नव्हता.

पडद्यावर धरण निळं दाखवलं होतं. त्या निळ्याच्या आत, भर पाण्यात, केसाएवढी बारीक पांढरी रेघ उमटली होती. आणि खाली गाळात पाहिलं तर खरोखरच रस्ता होता. दोन्ही कडांना दगड बसवलेला, गाडीच्या चाकोऱ्या पडलेला जुना रस्ता, भाकरीवर बोट फिरवल्यासारखा ठसठशीत.

ती खाली उतरली.

गाळ वरून वाळलेला होता, चाकाखाली शिंपले कडकड फुटत होते. थोडं पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. धरण आटलं की तळात कोवळं गवत उगवतं, त्यावर मेंढरं आणतात. म्हातारा मेंढका काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मेंढरं गाडीला घासून, रेटून निघून गेली. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं.

"कुटं गं बाय, हिकडं?"

"हा रस्ता कुटं जातो बाबा?"

तिच्या बोलण्यावरनं त्यानं ओळखलं. "कुनाची तू?"

"महूदची. बंडगराची."

"आपलीच की." म्हातारा सैलावला. त्याचं नाव धुळा. "रस्ता जुन्या पळसोटीत जातो. धरणात गेलेलं गाव हाय ते. पार बुडाशी हाय, कवाच उगडं पडत न्हाई. मी ह्या वर्साला पैल्यांदा बगतोय."

"तितं काय हाय?"

"काय असनार? जोती, चुली. माणसं समदी नव्या पळसोटीला गेली, माळावर." तो थांबला, आणि काठीनं पायाखालची ढेप फोडत म्हणाला, "मी मेंढरं हितनं म्होरं नेत न्हाई. लई वंगाळ वास येतो. तू बी फुटू काड आनि ये परत."

पडद्यावर चारशे मीटर राहिले होते. पूनम पुढं गेली.

जुनी पळसोटी म्हणजे दगडांची एक मोठी रांगोळी होती. घरांची नुसती जोती उरलेली. कुठं उंबरा, कुठं उखळ, गाळानं काठोकाठ भरलेली विहीर. दोनशे मीटर. ऊन इतकं होतं की दगडांना सावली नव्हती, तरी तिला हातमोज्यांच्या आत गार लागत होतं. शंभर. वास यायला लागला होता. धुळा म्हणाला तसा वंगाळ नव्हता तो. बंद घरातल्या ओल्या गोधडीसारखा होता. पन्नास. एका जोत्यापुढं तीन पायऱ्या होत्या, त्यांच्यासमोर गाडी आली आणि पडद्यावर झेंडी फडकली.

"पोचलो," कानातला आवाज म्हणाला.

पूनमनं इंजिन बंद केलं. चिमणी नाही, टिटवी नाही, मोटारींची घरघरसुद्धा नाही. तिनं खिशातनं मोबाइल काढला आणि फोटो घेतला, कारण ती त्यासाठी आली होती. आणि तेवढ्यात हेल्मेटमध्ये तिला कुणाचा तरी श्वास ऐकू आला. लांबनं पळत आलेल्या माणसाचा. धाप लागलेला.

"थांबलीस व्हय... थांब हां... आले मी."

पूनमला हेल्मेट काढून फेकावं असं वाटलं, पण हात वर जाईनात. आणि मग गाडी मागच्या बाजूला खाली दबली.

हे नीट समजून घ्यायला पाहिजे. अशा गाड्यांना मागं कुणी बसलं की आपोआप कळतं. स्प्रिंगा त्याप्रमाणे कडक होतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटते. एकटा चालवणारा असेल तर एक हेल्मेट, मागं माणूस बसलं की दोन. पूनमनं शेकडो गाड्या हाताळल्या होत्या. मागची सीट दबली की किती वजन आलं हे तिला बुडाखालनं कळायचं. हे वजन मोठ्या माणसाचं नव्हतं. पंचवीस किलो. फार तर सव्वीस.

पडद्यावर दोन हेल्मेटं होती.

तिनं आरशात पाहिलं. मागं कुणी नव्हतं. फक्त रिकामं गाव आणि ऊन. पण तिच्या जाकिटाच्या दोन्ही बाजूंना, कमरेपाशी, कापड मुठीत धरल्यासारखं गोळा झालं होतं...

गाडी सुरू केली कशी, वळवली कशी, हे तिला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की पडद्यावर पुण्याचा पत्ता गेला होता. तिथं फक्त दोन अक्षरं होती. घर. आणि खाली आकडा, एकशे अठरा किलोमीटर.

परतीच्या वाटेवर धुळाची मेंढरं पुन्हा आडवी होती. या वेळी हॉर्न द्यावा लागला नाही. कळप मधोमध फाटला, दोन्हीकडं पार दहा-दहा हात मागं सरला, आणि मेंढ्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. कुत्रं पोटावर झोपून कुईकुई करत होतं. धुळानं पूनमकडं पाहिलंच नाही. त्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं आणि तिच्या खांद्याच्या मागं बघत, घरातल्या लेकीला निरोप द्यावा तसा म्हणाला,

"जा, बाय. जा. लई दिस झालं."

डांबरी रस्त्याला लागल्यावर तिला वाटलं, आता उतरेल. टेंभुर्णीच्या चौकात गर्दी होती, उसाच्या रसाचे गाडे होते, एसटी उभ्या होत्या. तिथं वाटलं, आता तरी. पण दोन हेल्मेटं जागची हलली नाहीत. गतिरोधकावर गाडी उडाली की जाकीट दोन्ही बाजूंनी घट्ट ओढलं जायचं, मग सैल व्हायचं. पाठीला ओल लागत होती. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात तिचे दात वाजत होते.

कानातला आवाज आता रस्ता सांगत नव्हता. तो अधनंमधनं नुसतं विचारत होता.

"ही काय हाय?... एवढ्या गाड्या?... अजून किती लांब गं?"

मोहोळच्या अलीकडं एका धाब्यासमोर पूनमनं गाडी उभी केली. किल्ली काढली, हेल्मेट टाकीवर ठेवलं आणि मागं न बघता रस्त्याकडं चालू लागली. समोरनं सोलापूरची एसटी येत होती. हात दाखवायचा, चढायचं, गाडी गेली खड्ड्यात. शिवपुत्रना काय सांगायचं ते नंतर बघू.

तिनं हात वर केला. आणि तिला टाकीवरच्या हेल्मेटमधनं बारीक आवाज ऐकू आला. एवढ्या लांबनं ऐकू यायला नको होता.

"मला सोडून चाललीस... तू बी?"

एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. पूनम जागेवर उभी.

पूनम सहा वर्षांची असताना त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि सगळं बिऱ्हाड, वेळापूरच्या अलीकडं एका रानात उतरला होता. पहाटे सगळे उठून पुढं निघून गेले आणि बाभळीखाली झोपलेली पूनम राहिली. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याच्या घोड्यावर आहे. जाग आल्यावर ती रडली नाही. ज्या जागेवर झोपली होती तिथंच बसून राहिली, कारण ती जागा सोडली तर आपण कुणालाच सापडणार नाही, एवढं तिला कळत होतं. तिसऱ्या प्रहराला आजोबा परत आले. ते आले नसते तर?

"चढायचंय का न्हाय?" कंडक्टर ओरडला.

"न्हाय," पूनम म्हणाली. "जावा तुमी."

ती गाडीपाशी परत आली, धाब्याच्या बाजेवर बसली, आणि धोंडीरामना फोन लावला.

"साहेब, मी त्या रस्त्यानं गेले होते. जुन्या पळसोटीत."

"कुठली पळसोटी? मला माहीत नाही. आम्ही सोलापूरचेच."

"साहेब, गाडीवर मागं कुणीतरी बसलंय."

"कोण?"

"दिसत नाही," पूनम म्हणाली, "पण आहे. वजनावरनं सांगते. मुलगी आहे... दहा-अकरा वर्षांची असेल."

मग धोंडीराम म्हणाले, "राजाक्का." आणि थोड्या वेळानं, "कुठं आहात तुम्ही? तिला एकटीला सोडू नका. मी येतो."

ते माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं आले. सव्वा तास लागला. तोवर पूनम गाडीशेजारी बसून होती. उन्हं कलती झाली होती, रस्त्यावर सावल्या लांबत होत्या, पण गाडीची सावली पडली होती त्यात मागच्या सीटवर काही नव्हतं. चहावाल्यानं न विचारता दोन कप आणून ठेवले. पूनमनं त्याला काही विचारलं नाही.

धोंडीराम जीपमधून उतरले आणि दहा पावलांवर थांबले. तिथूनच, गाडीकडं बघत, ते पूनमला सांगू लागले.

"मी सात वर्षांचा होतो. पाणी चढतंय म्हणून सरकारनं दोन ट्रक दिले होते, आज रात्रीच्या आत गाव खाली करा म्हणून. एका ट्रकमध्ये आई-बाप्पा, सामान, आणि मी. राजाक्का माझी थोरली बहीण. मला नव्या गावात शाळेत घालणार होते आणि माझी पाटी कोनाड्यात राहिली. मी भोकाड पसरलं. ती म्हणाली, मी आणते, तू गाडी थांबव. मी म्हणालो, थांबवतो... ती पळत गेली."

"मग?"

"ड्रायव्हर निघाला. बाप्पानं विचारलं, राजी कुठाय? मला वाटलं, पाटीसाठी गेली म्हटलं तर मला मारतील. मी म्हणालो, ती पुढच्या गाडीत बसली." त्यांनी तोंडावरनं हात फिरवला. "रात्री कळलं. बाप्पा परत धावले. पण गावाच्या चारी बाजूंनी पाणी होतं. सकाळी गावच नव्हतं. आई-बाप्पांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. सत्तेचाळीस वर्षं झाली, मॅडम. मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा."

पूनमनं खिशातली किल्ली काढून पुढं धरली. ती एवढंच म्हणाली, "साहेब, मला घरी जायचंय. तुमची गाडी तुम्ही न्या."

धोंडीराम पुढं आले. गाडीजवळ खाली वाकले आणि मागच्या सीटचे पाय ठेवायचे दुमडलेले दांडे दोन्ही हातांनी उघडले, आधी एक, मग वळसा घालून दुसरा. बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाजही बदलला होता आणि भाषाही.

"हितं पाय ठेव, राजाक्का. घट धर मला. आता न्हाई सोडत."

ते चढले. पूनमनं हेल्मेट दिलं. ते घातल्यावर क्षणभर ते काहीतरी ऐकत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहू लागलं. गाडी सावकाश, नव्यानं लग्न झालेल्या बायकोला घेऊन जावं इतकी सावकाश, सोलापूरकडं निघून गेली. पूनम मागनं आलेल्या वडापमध्ये बसली. त्या रात्री तिला ताप भरला. तीन दिवस ती कामावर गेली नाही.

चौथ्या दिवशी शिवपुत्रनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, नकाशाचा बिघाड निघाला. शिवपुत्रनं कागदावर तसं लिहिलं आणि विषय संपला. तिलाही वाटलं, संपला. लेकरू घरी पोचलं. भावाच्या मनावरचं ओझं उतरलं. भीती वाटावी असं त्यात राहिलं नव्हतं, उलट कधी कधी आठवण झाली की बरंच वाटायचं.

जून गेला. जुलैमध्ये पुण्याकडं पाऊस झाला आणि धरणात पाणी यायला लागलं. एका दुपारी धोंडीराम वर्कशॉपमध्ये आले. गाडी आणली नव्हती, रिक्षानं आले होते. वजन बरंच उतरलेलं, दाढी वाढलेली. पूनमनं त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही, नुसतं ग्लासात बघत राहिले.

"बऱ्या आहेत का त्या?" पूनमनं हळूच विचारलं. काय शब्द वापरावा तिला कळेना.

"आहे. घरात असते. बायकोला कळत नाही, पण मला कळतं." ते थांबले. "मॅडम, ती मला ओळखत नाही."

"तुमचं वय झालं ना आता. ती लहानच..."

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मी सांगितलं तिला, मीच धोंडू. ती हसते. म्हणते, तुमी मोटं मानूस, तुमी कसं धोंडू? आणि रोज संध्याकाळी दारात जाऊन उभी राहते. म्हणते, चला की आता, धोंडूला आनायला."

पूनम पुढं सरकली. "म्हणजे?"

"ती म्हणते, धोंडू गाडीत बसलाच नव्हता. तिच्या मागं तोही पळत आला होता, पाटीसाठी. दोघंही पाण्यात अडकली. तो घाबरला होता, म्हणून तिनं त्याला कोनाड्याखाली बसवलं आणि सांगितलं, मी गाडी बघून येते, तू हितनं हलू नकोस." धोंडीरामनी ग्लास खाली ठेवला. "तुम्ही गेलात त्या दिवशी तो तिथंच होता म्हणते. हेल्मेट घातलेली बाई बघून लपला."

"साहेब, असं कसं होईल? तुम्ही तर ट्रकमध्ये होता."

"होतो. मला आठवतंय. मी बोललेलं वाक्य आठवतंय, बाप्पाचा चेहरा आठवतोय." ते एकेक शब्द चाचपडत बोलत होते. "पण त्याच्या आधीचं काही आठवत नाही, मॅडम. घर आठवत नाही. विहीर नाही, अंगण नाही. सात वर्षांच्या मुलाला काहीतरी आठवतं ना? आणि आई... त्या दिवसानंतर आईनं मला मरेपर्यंत कधी धोंडू म्हणून हाक मारली नाही. बाळ म्हणायची. मी विचार करायचो, रागानं म्हणत नसेल."

बाहेर कुणीतरी गाडीचं इंजिन चढवून बघत होतं.

"पाणी चढतंय," धोंडीराम म्हणाले. "आठवड्याभरात रस्ता बुडेल. ती मला एका जागेवर बसू देत नाही. म्हणते, तो दुसऱ्या कुणाचं ऐकायचा न्हाई, त्याच्या नावानं हाक मारायची, मग येतो. जायला मी जाईन. उद्याच निघतो." त्यांनी मान वर केली. त्या डोळ्यांत पूनमला सात वर्षांचं भ्यालेलं पोर दिसलं, किंवा तसं वाटलं. "पण तिथं उभं राहून मी धोंडू म्हणून हाक मारली आणि आतनं ओ आली... तर मग मी कोण, मॅडम?"